दृष्टीचं सामान: मीठ-मोहऱ्या, लिंबू-मिरची, धुरी… नेमकं काय, किती आणि कसं?

पाळणा_रामबाग

नमस्कार मंडळी. तीन महिन्यांचं बाळ, इंदूरला रामबागेत तिसऱ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट, गच्ची सगळ्या बिल्डिंगची मिळून एक. माहेरची यादी वेगळी, सासरची वेगळी, आणि पंसाऱ्याकडे गेलं की तो तिसरीच पुडी बांधून देतो. म्हणून जाणत्यांना विचारते:

1. मीठ-मोहऱ्यांत काय काय घ्यायचं, किती, आणि गॅसवर जाळलं तर चालतं का? तडतड झाली, ठसका नाही आला, याचा अर्थ नेमका काय धरायचा?
2. लिंबू-मिरची दोन दिवसांत काळी पडून गळते. ओवायला चुकतंय का?
3. बाळाला धुरी कशी आणि कशाची?
4. बिब्बा, वेखंड, गुंज, पांढऱ्या रुईचं मूळ यातलं खरंच काय घरात ठेवावं?

श्रद्धा की अंधश्रद्धा हा वाद इथे नको. त्यासाठी दुसरे धागे वाहतायत.

---

खडेमीठ

ताई, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो.

एका वेळचं सामान: खडे मीठ दोन चमचे, मोहरी अर्धा चमचा, लाल सुक्या मिरच्या देठासकट पाच किंवा सात, लसणाच्या आणि कांद्याच्या कोरड्या साली मिळून एक मूठ, केरसुणीच्या तीन काड्या. तिठ्यावरची चिमूटभर माती पूर्वी घ्यायचे. आता तिठ्यावर डांबर आहे, ती सोडून दिलीत तरी कुणी बोल लावणार नाही. मोहरी म्हणजे आपल्याकडचा दुकानदार जिला राई म्हणतो ती बारीक, काळपट. ‘सरसों’ मागितलीत तर टपोरी मिळेल, तिचं काम इथे नाही.

मीठ खड्यांचंच हवं, कारण सगळी खूण त्याच्यावर आहे. खड्यात खारट पाण्याचे बारीक बारीक कप्पे अडकलेले असतात. ताप लागला की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो, तीच तडतड. पुडीतलं दळलेलं आयोडीनचं मीठ टाकलंत तर जवळजवळ आवाजच येत नाही, मग घरातली मोठी माणसं म्हणतात ‘काही निघालं नाही’. आणखी एक घोळ पावसाळ्यात होतो. उघड्या बरणीतलं खडे मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, विस्तवावर पडलं की तडतडण्याऐवजी नुसतं चुरचुरतं. दृष्टीचं मीठ वेगळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आषाढ-श्रावणात आदल्या दिवशी तव्यावर कोमट करून घ्या. फार तापवू नका, नाहीतर तिथेच फुटून मोकळं होईल.

आता ठसका. ‘मिरच्या जळूनही ठसका आला नाही म्हणजे दृष्ट मोठी होती’ ही खूण ठरली तेव्हा विस्तव चुलीतला किंवा शेगडीतला होता. निखाऱ्यावर मिरची धुमसते, तिच्यातलं तिखट धुराबरोबर वर उठतं आणि घसा धरतं. गॅसच्या निळ्या जाळावर तीच मिरची पेट घेते, तिखटही जळून जातं आणि ठसका कमी होतो. म्हणजे गॅसवर काढलेली प्रत्येक दृष्ट ‘मोठी’च निघणार! मिरची कुठली हेही बघा. बेडियाच्या मंडीतली आपली निमाडी मिरची ठसकेदार असते, रंगासाठी आणलेली काश्मिरी किंवा ब्याडगी तेवढा ठसका देणार नाही. दर वेळी एकाच जातीची मिरची घेतलीत तरच मागच्या वेळेशी ताडून बघता येतं.

रीत अशी. माणसाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. सामान दोन मुठींत अर्धं अर्धं घ्या. मुठी एकमेकींवरून फिरवत डोक्यापासून पायापर्यंत उतरवा आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी जमिनीला टेकवा. फेऱ्या तीन, पाच किंवा सात, सम नाही. तोंडाने ‘आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, घरच्या-दारच्याची, इडा पिडा टळो’ असं जे घरात चालत आलं असेल ते. मग मागे न बघता, कुणाशी न बोलता सामान विस्तवात टाकायचं आणि हातपाय धुऊन मगच बाळाला घ्यायचं. हे हात धुणं फक्त शास्त्रापुरतं समजू नका. मिरची हाताळलेलं बोट बाळाच्या डोळ्याला लागलं तर बाळ तासभर रडेल, आणि तुम्ही म्हणाल दृष्ट उतरलीच नाही.

भांडं लोखंडी आणि खोल घ्या, जुनी कढई उत्तम. मोहऱ्या तळाशी, त्यांच्यावर मीठ, सगळ्यात वर साली आणि मिरच्या. उलटं केलंत तर मोहऱ्या फुटून बाहेर उडतात. नॉनस्टिक भांडं मुळीच नको, रिकामं तापलं की त्याच्या थराचा धूर होतो आणि तो वाईट. मिठाने ज्योत पिवळी होते, तिचाही लोक अर्थ लावतात. मिठातलं सोडियम कुणाच्याही घरात पिवळंच जळतं.

मुख्य गोष्ट: उतरवा बाळाच्या खोलीत, जाळा गच्चीवर. तीन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनळ्या मिरचीच्या धुराने आवळतात. दमेकरी आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्यासाठीही हेच. रोज काढायची असेल तर भाकरतुकडा ओवाळून टाका, किंवा मीठ ओवाळून तांब्यातल्या पाण्यात सोडा. दोन्ही रीती जुन्या आहेत आणि धूर नाही.

---

सुईदोरा

लिंबू-मिरची गळते कारण लिंबू आडवं टोचलं जातं. आडव्या टोचण्याने सुई दोन-तीन फोडींतून जाते आणि रस दोऱ्यावरून खाली ओघळत राहतो. लिंबाच्या मधोमध देठापासून टोकापर्यंत पांढरा गाभा असतो. दाभण त्याच गाभ्यातून, सरळ उभं गेलं पाहिजे. मग फोडी शाबूत राहतात.

मिरच्या हिरव्या, सात, ताज्या, देठ घट्ट असलेल्या. मिरचीच्या अंगातून सुई घालू नका, देठाच्या टोपीखालचा जो जाड भाग असतो तिथून घाला. अंगाला भोक पडलं की आत पाणी शिरतं आणि ती तिथूनच सडते. लिंबू कागदी, हिरवट-पिवळं, दाबून कडक लागेल असं. पूर्ण पिवळं, मऊ घेतलंत तर ते आधीच निम्मं संपलेलं असतं. दोरा काळा, सुती, दुहेरी. तार वापरू नका, लिंबाच्या आंबटाने लोखंड काळं पडतं आणि तो काळा ओघळ लोक ‘काहीतरी लागलं’ म्हणून दाखवत फिरतात. खाली गाठीत सुपारीएवढा लाकडी कोळसा.

क्रमाबद्दल घराघरात भांडण आहे. कोणी सगळ्या मिरच्या वर आणि लिंबू खाली, कोणी पाच वर दोन खाली. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ते तिला दारातच मिळालं की ती आत येत नाही, हा मूळ विचार. त्याला दोन्ही क्रम चालतात.

बदलायचं शनिवारी. उन्हाळ्यात ते वाळून कडक होतं, पावसाळ्यात हिरवी-निळी बुरशी धरतं. ही बुरशी लिंबावर येणारच. पावसाळ्यात शनिवारची वाट बघू नका, मऊ पडलं की काढा. आणि उंबऱ्यात कोटा फरशी किंवा संगमरवर असेल तर बरोबर त्याच्या वर टांगू नका. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, लिंबाचा थेंब पडला की पांढरट डाग पडतो आणि तो घासून जात नाही.

काढलेलं चौरस्त्यावर टाकायची पद्धत इंदुरात आता महागात पडते. 2017 पासून आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात अव्वल राहत आलंय ते उगाच नाही. दोरा कापून सुक्यात, लिंबू-मिरची ओल्यात, गाडी दारात येतेच. ‘ओलांडलं जाऊ नये’ हा जो मूळ नियम आहे तो गाडीत टाकल्याने जास्त चांगला पाळला जातो.

---

मालवी_मामी

सुईदोरा, पाच वर दोन खाली बिलकुल नाही. सात एकत्र, खाली लिंबू, बस.

---

काष्ठौषधी

धुरीबद्दल लिहितो. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या महागात जातात.

आधी सामान ओळखा. सियागंज किंवा मारोठिया बाजारात ‘धूप का सामान’ म्हटलं की एकत्र कुटलेली पुडी मिळते, तिच्यात राळ आणि लाकडाचा भुसा जास्त असतो. पुडी घेऊ नका, वस्तू सुट्या घ्या.

गुग्गुळ: मऊसर, पिवळट-तपकिरी, दोन बोटांत धरून दाबला की किंचित चिकटतो. खडा कोमट पाण्यात घोळला की पाणी दुधासारखं होतं. बाभळीचा डिंक मिसळलेला असेल तर पाणी चिकट होतं पण तसं दुधाळ दिसत नाही. उन्हात मऊ पडतो, विस्तवावर आधी फुगून मग धुमसतो. राळ असेल तर भस्सकन पेट घेते आणि काळी काजळी सोडते. अस्सल गुग्गुळाचं झुडूप राजस्थान, गुजरात आणि आपल्याकडे चंबळच्या बाजूला होतं, आणि ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणून तो महाग आहे. स्वस्तात मिळाला तर तो गुग्गुळ नाही, साधं गणित. श्योपूरच्या जंगलातला सालईचा डिंक बरेच जण ‘सलई गुग्गुळ’ म्हणून विकतात. वस्तू चांगली आहे, वासही सुरेख, फक्त ती वेगळी आहे हे माहीत असू द्या.

ऊद आणि लोबान एकच, धूप आणि राळ वेगळी. दुकानदाराशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, खडा जाळून बघायला सांगा.

दहा बाय दहाच्या खोलीला प्रमाण:
गोवरीचा तळहाताएवढा तुकडा (इथे कंडा म्हणा, गोवरी म्हटलं तर कळत नाही)
ओवा एक चमचा
बाळंतशोपा एक चमचा
वावडिंग अर्धा चमचा
लसणाच्या साली एक मूठ
सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला एक मूठ
वेखंडाचा नखाएवढा तुकडा
गुग्गुळाचे हरभऱ्याएवढे दोन खडे

गोवरी बाहेर, गच्चीवर पेटवा. ज्योत विझून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. लोक घाई करतात आणि अर्धवट जळक्या गोवरीवरच सामान टाकतात. मग डोळे चुरचुरतात तो त्रास ओव्याचा नसतो, शेणाच्या कच्च्या धुराचा असतो. राख धरली की आधी साली आणि पाला, तो धुमसून गेला की ओवा-शोपा चिमटी चिमटीने, आणि शेवटी गुग्गुळ. गुग्गुळ लाल निखाऱ्यावर थेट ठेवू नका, राखेचा पातळ थर राहू द्या. थेट ठेवला तर पेटतो, सुगंध जातो, काजळी उरते. ओवा ढीग करून टाकला तर खालचा जळतो आणि वरचा कोराच राहतो.

आणि आता कान देऊन ऐका. धगधगता कोळसा किंवा गोवरी बंद खोलीत ठेवली की कार्बन मोनॉक्साईड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. जुन्या घरात कौलांतून तो निघून जायचा. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी रात्रभर राहायची ती त्या घरात. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये तीच रीत जीव घेते. म्हणून: बाळ दुसऱ्या खोलीत, दोन्ही खिडक्या उघड्या, सामान पाच ते सात मिनिटं खोलीत फिरवायचं, विस्तव परत बाहेर, आणि बाळाला अर्ध्या तासाने आणायचं. कपड्यांना आणि दुपट्याला धुरी द्यायची असेल तर ती बाहेरच दोरीवर द्या, वास टिकतो.

बिब्बा धुरीत कदापि नको. आंबा-काजूच्या कुळातला आहे, त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखे फोड येतात आणि धुरातून तेच तेल डोळ्यांत, फुप्फुसांत जातं. काही याद्यांत ‘एक बिब्बा फोडून’ असं लिहिलेलं असतं, त्या याद्या फाडा. दारावर अखंड बिब्बा दोऱ्यात गुंफतात, तिथेही तो टोचू नका, दोऱ्याची आडवी-उभी गाठ मारून बांधा. टोचला की तेल पाझरतं आणि ते बोटांवरून चेहऱ्यावर जातं. लागलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवा, चोळू नका. फोड वाढले की डॉक्टर.

---

पाळणा_रामबाग

काष्ठौषधी दादा, इतकं सविस्तर, खूप आभार. पण खरं सांगू का, बिल्डिंगच्या गच्चीवर गोवरी पेटवायला सेक्रेटरी देणार नाहीत. विस्तवाशिवाय काही आहे का? आणि वेखंड बाळाच्या गळ्यात बांधायचा म्हणतात तो कसा?

---

काष्ठौषधी

आहे. आणि तीही जुनीच रीत आहे. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळंतिणीच्या खोलीसाठी पोटली सांगितली आहे: वेखंड, कोष्ठ, क्षौमक, हिंग, मोहरी, जवस, लसूण आणि तांदळाच्या कण्या. या वस्तू रक्षोघ्न, म्हणजे राक्षसांना मारणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात असं तिथे म्हटलंय. पोटली दाराच्या वरच्या चौकटीला, शिवाय पलंगाला, पाण्याच्या घड्याला, दाराच्या दोन्ही फळ्यांना बांधायची. खोलीभोवती मोहरी, जवस आणि कण्या विखरायच्या. आजीच्या तोंडी जे उरलंय ते याचंच उरलेलं आहे.

चरकात मापं नाहीत. पोटली हाताला नीट बसते ती अशी: वेखंड भरड 10 ग्रॅम, पिवळी मोहरी 10, जवस 10, कण्या 20, लसणाच्या न सोललेल्या पाकळ्या चार, हिंग 2 ग्रॅम. कोष्ठ (दुकानात ‘कूठ’) 5 ग्रॅम, तोही लागवडीचा. हिमालयातल्या जंगली कोष्ठाच्या व्यापारावर कडक बंधनं आहेत. मिळाला नाही तर वगळा. क्षौमक काय यावर भाष्यकारांत एकमत नाही, त्याच्या नावाने कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

इथे मोहरी पिवळी घ्यायची, खडेमीठने सांगितलेली काळी जाळण्यासाठी आहे. हिंग खड्याचा घ्या. बांधणीचा हिंग, म्हणजे मैदा आणि डिंक घालून केलेला, पोटलीत आठवडाभरात वास सोडतो आणि मैद्याला किडे लागतात. कापड जुनं सुती, वीतभर चौकोन, धुऊन कडकडीत वाळवलेलं. नायलॉनच्या कापडातून वास बाहेर पडत नाही. लसूण सोलू नका, सोललेला दोन दिवसांत आंबून सगळी पोटली ओली करतो.

आता वेखंड गळ्यात. चरकात आई-बाळाच्या गळ्याचाही उल्लेख आहे, तरीही बाळाच्या गळ्यात दोरा नको. एक तर फास बसतो. दुसरं, बाळ तो चोखतं. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक भरपूर असतो आणि तो पोटात जाण्याजोगा नाही. पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला, बाळाचा हात पोचणार नाही असा बांधा. वेखंड उगाळून मधातून चाटवायची रीतही याच कारणाने सोडा. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला तसाही द्यायचा नसतो. न्हाऊ घातल्यावर टाळूवर वेखंडपूड भुरभुरतात, ती श्वासात जाते, म्हणून कपड्याला लावा.

चांगला वेखंड कांड्याकांड्यांचा, खालच्या बाजूला मुळ्यांच्या खुणांचे ठिपके, मोडला की आत स्पंजासारखा आणि उग्र-गोड वासाचा. वास नसेल तर तो दोन-तीन वर्षं गोणीत पडून होता.

---

आघाडा

चौथा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून.

पांढरी रुई. माळव्यात रस्त्याकडेला दिसते ती बहुतेक लहान रुई, पाकळ्यांची टोकं जांभळी. मुळाचा गणपती, ज्याला मंदार किंवा श्वेतार्क गणपती म्हणतात, तो मोठ्या रुईच्या पूर्ण पांढऱ्या फुलाच्या जातीचा. फूल असताना झाड हेरून ठेवा, पानांवरून भल्याभल्यांना ओळखता येत नाही. रीत अशी: रविपुष्य योग, म्हणजे रविवारी पुष्य नक्षत्र. आदल्या संध्याकाळी झाडाला हळद-कुंकू, अक्षता वाहून ‘उद्या न्यायला येतो’ असं आमंत्रण द्यायचं. सकाळी कुणाशी न बोलता, लोखंड न लावता लाकडी खुंटीने माती उकरून मूळ काढायचं. लोखंड न लावण्यात व्यवहारही आहे, पहारीने मूळ मधेच तुटतं आणि सोंडेसारखा बाक निघतो तो बहुधा तुटलेल्या टोकाकडेच असतो. बाजारातले गुळगुळीत, सोंड-कान नीट दिसणारे गणपती साध्या लाकडाचे कोरलेले असतात. खऱ्या मुळाला साल असते आणि आकार मनाने बघावा लागतो.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, सुरुवातीला दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. शनिवारी मारुतीचा हार करतानासुद्धा पानं आधी तासभर पाण्यात टाका, मग ओवा. चीक वाहून जातो.

आघाडा: अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातली 17 ते 19 ही सूक्तं याच अपामार्गाला उद्देशून आहेत, करणी उलटवण्यासाठी. इथे चिरचिटा किंवा लटजिरा म्हणतात. तुऱ्याला बोटं वरून खाली सरसर उतरतात आणि खालून वर नेली की काटे अडतात. उलटवणारी वनस्पती हा विचार त्या उलट्या काट्यांतून आला असावा असं मला वाटतं. मूळ पावसाळा सरताना, जमीन ओली असताना हातानेच अख्खं निघतं. माघात काढायला गेलात तर शेंडा हातात येतो आणि मूळ जमिनीत राहतं. बाळंतपणात कळा सुरू झाल्या की कमरेला बांधतात आणि बाळ झालं की त्याच क्षणी सोडतात. फक्त बाहेरून. आत वापरणारे लोक आहेत, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

गुंज: सराफ्यातलं जुनं माप, एक गुंज साधारण 0.12 ग्रॅम, आठ गुंजांचा मासा. मनगटात माळ घालतात. अख्खं बी कडक असतं, पण माळेसाठी भोक पाडलेलं किंवा दाताने फोडलेलं बी अत्यंत विषारी. तुमच्या घरी रांगतं बाळ येणारच आहे, गुंज आणू नका. हवीच असेल तर रतनगुंज घ्या. ती मोठी, पूर्ण लाल, डोळा नसलेली. काळा डोळा दिसला की परत ठेवा.

धोतरा महादेवाला वाहून झाला की निर्माल्यात, घरात वाळवून ठेवायचा नाही आणि विस्तवात तर नाहीच. त्याच्या धुरानेही माणूस भ्रमतो. मग लोक म्हणतात अंगात आलं.

कळलावी: नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद, म्हणूनच संस्कृतात लांगली. कुणाच्या दारात पुरली तर त्या घरात भांडणं लागतात अशी समजूत, नावातच कळ लावणं आहे. भांडणाचं सोडा, कंद पोटात गेला तर माणूस मरतो. रताळं समजून खाल्ला जातो.

आणि एक नीट वाचा. ‘हत्थाजोडी’ म्हणून दोन हात जोडल्यासारखं जे काळपट वाळकं मूळ शेंदराच्या डबीत घालून विकतात, ते मूळ नाही. ते घोरपडीचं जननेंद्रिय असतं. 2017 च्या सुमारास ही फसवणूक तपासात उघड झाली. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जवळ बाळगल्याबद्दलही तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. खरी वनस्पती वेगळीच आहे, विंचवासारखी दोन नखं असलेली सुकी शेंग, बांधावर फुकट मिळते. विकणारा ‘जंगलातलं दुर्मिळ मूळ’ म्हणाला की उठून यायचं.

---

मालवी_मामी

अगं बाळाच्या आई, तुला धूरच नको ना? मग फिटकरी. माळव्यातली नजर उतरवायची जुनी रीत, राई-लूणाइतकीच.

दहा ग्रॅमचा अखंड खडा घे, पांढरा, पारदर्शक. वर पांढरी भुकटी आलेली नको, त्यातलं पाणी उडालेलं असतं. बाळावरून सात वेळा डोक्यापासून पायांपर्यंत उतरव, लोखंडी तव्यावर ठेव, मध्यम आच. पाच-सात मिनिटांत विरघळते, उकळते, मग मक्याच्या लाहीसारखी फुगून वर येते. गार झाली की जो आकार दिसेल तो नजर लावणाऱ्याचा म्हणतात. शेजारणीचं नाक, जावेचा अंबाडा, ज्याला जे दिसायचं ते दिसतं. फुगते ती तिच्यातल्या पाण्यामुळे, खड्याचं जवळजवळ 45 टक्के वजन पाणीच असतं.

चूक काय होते: आच मोठी केली की एकदम फुगून तव्याबाहेर सांडते आणि भाजते. आच फार लहान ठेवली तर पसरून पापड होतो, आकारच येत नाही. फुगून कोरडी झाली की लगेच बंद कर, जास्त तापवत बसलं तर नाकाला झोंबणारा वायू निघतो. बारीक केलेली फिटकरी घेऊ नकोस, ती फुगत नाही नीट. इंडक्शनवरही होते, तवा लोखंडी आहे ना.

नंतर कुटून पाण्यात विरघळव आणि मोरीत ओत. चौरस्त्यावर नाही.

---

खडेमीठ

मामींशी सहमत. मंगळवार किंवा शनिवार, दिवेलागणीनंतर. अमावास्येलाच हवं असं काही नाही.

---

पाळणा_रामबाग

ठरलं. फिटकरी आणि पोटली. बिब्बा आणलेला होता, तो उद्या परत देते. शेवटचं विचारते, पोटली किती दिवसांनी बदलायची? अमावास्येची अमावास्या?

---

काष्ठौषधी

दाराखालून जाताना हिंगाचा वास येईनासा झाला की. उन्हाळ्यात तीन आठवडे, थंडीत दीड महिनाही जातो. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी दाबून बघा, ओलसर लागली तर त्याच दिवशी. उतरवलेली ओल्या कचऱ्यात, कापड धुऊन परत वापरा.

---

सुईदोरा

आणि बिब्बा परत देताना कागदात गुंडाळून न्या, पिशवीत बाळाच्या टोपड्याबरोबर नको.